कोयत्याचा मालक कोण?

दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पत्र्याची पेटी, चार महिन्यांची ज्वारी-बाजरी, हंडे-कळशा, राहायच्या कोपीसाठी बांबू, एखादी शेळी असे अख्खे घर ट्रॉलीत चढते आणि त्या सामानाच्या वर पोरे बसतात. मराठवाडा, नगर आणि खानदेशातून ऊसतोडीला निघणाऱ्या मजुरांची संख्या दहा लाखांच्या आसपास सांगितली जाते. सांगितली जाते असेच म्हणावे लागते, कारण नोंद होते ती माणसांची नव्हे. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. मजुराला अवजाराच्या नावाने मोजणारा हा हिशेब वरवर पाहता बोलीभाषेचा भाग वाटतो. पण बायकोची मजुरी नवऱ्याच्या नावावर जाते ती यामुळे, आणि त्यांचे मूल या हिशेबात कुठेच नसते तेही यामुळे. जे मोजलेच जात नाही, ते राबले काय आणि न राबले काय, त्याचा जाब विचारणार कोणाला? उसाच्या फडातले मूल बाहेर काढायचे असेल तर मुलाच्या मागे धावून भागणार नाही. या कोयत्याचा मालक कोण, हे आधी कायद्याच्या कागदावर लिहावे लागेल, आणि तो मालक साखर कारखाना आहे, असे माझे म्हणणे आहे.

मूल फडात का येते, याचे उत्तर आईबापांच्या अज्ञानात शोधण्याची आपल्याला सवय आहे. त्याऐवजी वहीतला हिशेब मांडून पाहावा. जानेवारी २०२४मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत साखर संघ आणि मजूर संघटनांची बैठक होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७४ रुपये मिळत होते, ते ३६६च्या घरात गेले. मुकादमाचे कमिशन मजुरीवर २० टक्के झाले. आता समजा एका कोयत्याने पावसाळ्यात एक लाखाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली. ती फिटायला २७३ टन ऊस तुटला पाहिजे. सराईत जोडी दिवसाला दोन टनांपर्यंत जाते. म्हणजे एकही खाडा न करता साडेचार महिने. पण पाऊस लांबला, ऊस कमी पडला आणि शंभर दिवसांत कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तर २०० टनांचे ७३,२०० रुपये होतात आणि २६,८०० रुपयांची बाकी पुढच्या सालावर चढते. दर आठवड्याच्या बाजारासाठी मुकादमाकडून घेतलेले पैसे याच्यावर आणखी. त्याच जोडीच्या हाताखाली अकरा वर्षांचे पोर मोळ्या बांधायला, वाढं गोळा करायला लागले आणि रोजची तोड नुसती पाव टनाने वाढली, तरी शंभर दिवसांत २५ टन होतात, म्हणजे ९,१५० रुपये. बाकी २६,८०० वरून १७,६५० वर येते. या आकड्यांपुढे बालदिनाची भाषणे टिकत नाहीत. पोराच्या श्रमाची किंमत कोणी ठरवलेली नाही, पण ती वसूल मात्र होते, आणि ती घरात न येता कर्जाच्या खात्यात जमा होते.

फडातल्या कामाची रीतच अशी आहे की मूल बाजूला उभे राहू शकत नाही. पुरुष बुडख्यातून ऊस तोडतो, पाचट सोलतो, शेंडा उडवतो. बाई मागून ते गोळा करून मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जाते. अरुंद फळीवरून वर चढून थर लावायचा असतो. पहाटे चार वाजता कोपी सोडलेली जोडी अंधार पडल्यावर परतते आणि रात्री अकराला गाडी आली तर भरायला पुन्हा उठते. तान्हे मूल बांधाच्या झाडाला लुगड्याच्या झोळीत, किंवा झाड नसेल तर पाचटाच्या ढिगाच्या आडोशाला. त्याला हलवायला, माश्या वारायला, रडले तर आईकडे न्यायला कोणीतरी हवे, आणि ते कोणीतरी म्हणजे आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. तिच्या हातात कोयता नसतो, त्यामुळे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती बालकामगार नाही. पण ती नसती तर तिच्या आईला दिवसभर मोळ्या वाहता आल्या नसत्या. आईची मजुरी उभी आहे ती या मुलीच्या सुटलेल्या शाळेवर. तेरा-चौदाची झाली की ती स्वतःच मोळी बांधू लागते आणि मग कोयता पुरा करण्याचा प्रश्न येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली, त्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के निघाले, तर बीडमध्ये ४३.७ टक्के. बालविवाहाला कारणे अनेक आहेत, आईबाप सहा महिने बाहेर असताना मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे ही धास्तीही त्यात आहे. तरीही जिथे जोडीला पूर्ण उचल आणि एकट्याला अर्धी, तिथे लवकर लग्न लावण्याला बाजारभाव मिळतो, हे नाकारता येत नाही.

बाईचे शरीरही याच हिशेबात भरडले जाते. एक दिवस काम चुकले तर खाडा, आणि खाड्याचा दंड बहुतेकदा त्या दिवशीच्या मजुरीपेक्षा जड. पाळीचा त्रास, गर्भपिशवीचे दुखणे हे सगळे खाड्याच्या भाषेत बोलू लागते. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहा जणींमागे एक. त्यावर डॉक्टरांना धारेवर धरले गेले आणि ते योग्यच झाले. मात्र ज्या कामाच्या रचनेत पाळीची सुट्टी ही परवडण्याजोगी गोष्ट राहत नाही, त्या रचनेचा धनी कोण, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच पडला.

धनी शोधायला गेले की सगळे हात वर करतात. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी. मजूर आमचे नव्हेत. ठेकेदार म्हणतो, मी मुकादमाला पैसे दिले. मुकादम म्हणतो, मी तर यांच्याच गावचा, यांच्यातलाच. आणि शेवटी सगळे मिळून शेतकऱ्याकडे बोट दाखवतात, कारण तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्या उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरातून, म्हणजे एफआरपीतून, कापला जातो. पण काम कोणाच्या हुकमाने चालते ते पाहा. उसाची नोंद कारखान्याकडे. कोणाचा फड कधी तोडायचा, हा कार्यक्रम कारखान्याच्या शेतकी खात्याचा. टोळी कुठे उतरवायची ते कारखाना ठरवतो, फडावर चिठ्ठी देणारा चिटबॉय कारखान्याचा, वजन कारखान्याच्या काट्यावर, उचलीसाठी ठेकेदाराला दिलेला पैसा बहुधा कारखान्याने उभा केलेला, आणि गव्हाणीत मोळी पडली नाही तर बंद पडते ती कारखान्याची चाके. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच, कोझिकोडच्या एका दोर वळणाऱ्या कारखान्याच्या खटल्यात, मधल्या ठेकेदारांचा पडदा बाजूला सारून न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून सांगितले की ज्याच्या धंद्यासाठी कामगार राबतो आणि ज्याच्या हातात त्याच्या पोटाची दोरी असते, तोच खरा मालक. या कसोटीवर कारखान्याखेरीज दुसरा मालक निघत नाही. गंमत अशी की त्याच कारखान्याच्या गेटच्या आत काम करणाऱ्याला वेतनमंडळाचे करार आहेत, भविष्यनिर्वाह निधी आहे, निवृत्तीचे वय आहे. तो साखर कामगार. गेटच्या बाहेर, त्याच साखरेसाठी राबणारा, तो ऊसतोड मजूर.

चहाच्या मळ्यांबाबत आपल्या संसदेने हा घोळ १९५१मध्येच निस्तरला होता. मळे कामगार कायद्याने चहा, कॉफी, रबर, सिंकोना यांच्या मळेमालकावर घर, पाणी, दवाखान्याची जबाबदारी टाकली. पन्नास किंवा अधिक बायका कामाला असतील तर पाळणाघर, आणि त्या पन्नासात ठेकेदाराने आणलेल्या बायकाही धरायच्या. सहा ते बारा वयाची पंचवीसहून अधिक मुले असतील तर शाळेची सोय. आसामात आणि उत्तर बंगालात हा कायदा किती पाळला गेला, त्याच्या कहाण्या दुःखद आहेत. मळ्यातली घरे गळतात, दवाखान्यांत डॉक्टर नसतो. पण तिथल्या मजुराला निदान कोणाच्या दारात जाऊन बसायचे ते ठाऊक असते. २०१५च्या सप्टेंबरात मुन्नारच्या चहामळ्यांतल्या बायका बोनससाठी रस्त्यावर बसल्या आणि त्यांनी पक्षांच्या संघटनांनाही दूर ठेवले. त्यांना ते जमले, कारण समोर एक कंपनी होती. ऊसतोडीची बाई संपावर गेली तर बसणार कोणाच्या दारात? मुकादमाच्या? त्याचे घर तर तिच्याच गल्लीत असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५८च्या मळेविषयक करारात उसाचे नाव आहे. आपल्या कायद्याच्या यादीत ते नव्हते. दुसरे पीक यादीत आणण्याची मुभा राज्य सरकारला कायद्याने दिली, पण किमान पाच हेक्टरची अट ठेवली, आणि आपला ऊस तर एकर-दोन एकरांच्या तुकड्यांत उभा असतो. मळा तुकड्यांत विखुरलेला, पण मजूर मात्र एका कारखान्याच्या दोरीने बांधलेले, अशी ही स्थिती कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसावी.

स्थलांतरितांच्या कायद्यातूनही हे लोक असेच निसटतात. १९७९चा कायदा आंतरराज्य स्थलांतरितांसाठी होता. पाटोद्याचा मजूर बेळगावकडच्या कारखान्यावर गेला तर स्थलांतरित, आणि शिरोळला गेला तर नाही, असा त्याचा अर्थ. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रमसंहितेनेही व्याख्या राज्याच्या सीमेवरच अडकवून ठेवली आहे. बालकामगार कायद्यात २०१६मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना सगळ्याच कामांत बंदी झाली, हे चांगले झाले; पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला हातभार लावण्याची सवलत सोबत ठेवली गेली. ज्या कामाचे मापच जोडी हे आहे, तिथे पोराचे राबणे घरच्यांना मदत म्हणून खपून जाते. फड त्या कुटुंबाच्या मालकीचा नाही, ऊस त्यांचा नाही, मग हा कौटुंबिक उद्योग कसा, हे विचारायला तिथे कोणी नसते. आणि कधी कारवाई झालीच तर ती आईबापांवर किंवा फार तर मुकादमावर. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण अशा वेळी आठवते.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गावातच आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात. २०२१मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहे उघडण्याची योजना आली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. त्यासाठी कारखान्यांकडून टनाला दहा रुपये आणि तितकीच रक्कम सरकारची, असे ठरले. राज्यात हंगामाला आठ ते दहा कोटी टन ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांचाच वाटा ८० ते १०० कोटींचा होतो. रक्कम लहान नाही. पण वसतिगृह शाळेत जाणाऱ्या मुलासाठी असते, झोळीतल्या तान्ह्यासाठी नसते. तान्हे आईबरोबर फडावर जाणार, आणि त्याच्यामागे थोरली जाणार. फडाजवळ पाळणाघर नसेल तर गावातल्या वसतिगृहातली मुलींची खाट रिकामी राहण्याची भीती असते. त्यात महामंडळ कल्याण करते. जबाबदारी कोणाची हे ते ठरवत नाही. कल्याण मागणाऱ्याला अर्जदार व्हावे लागते. मालक ठरला तर त्याला हक्कदार होता येते.

कारखान्याला मालक ठरवले तर तो खर्च शेवटी शेतकऱ्याच्याच अंगावर येईल, हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. तोडणी खर्च एफआरपीतून वजा होतो, तेव्हा पाळणाघरही वजा होईल. आक्षेप खरा आहे, म्हणून आकडे पाहू. २०२५-२६च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे. तोडणाऱ्या जोडीच्या हाती त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम पडते. पाच लाख टन गाळणारा कारखाना सध्याच्या दहा रुपयांच्या हिशेबाने ५० लाख रुपये भरतो. वीस बायकांना महिना पंधरा हजारांवर पाच महिने टोळ्यांच्या तळांवर मुले सांभाळायला ठेवले तर पगाराचा खर्च १५ लाख येतो. टनाला तीन रुपये. पाळणे, खाऊ, निवारा धरून तो दुप्पट झाला तरी टनाला सहा. शेतकऱ्याला आज छुपे भरावे लागते ते याच्या कितीतरी पट आहे. टोळी मिळत नाही म्हणून तोडीसाठी खुशाली द्यायची, ड्रायव्हरला एन्ट्रीचे पैसे द्यायचे, आणि ऊस वाळला तर वजनातली घट सोसायची. वाहतूकदाराचे दुःख वेगळेच: कर्ज काढून मुकादमाला लाखो रुपये दिले आणि टोळी आलीच नाही, अशा तक्रारी कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या पोलीस ठाण्यांत दर हंगामाला पडतात. मधल्या माणसावर उभी असलेली ही व्यवस्था स्वस्त आहे, हा समजच मुळात चुकीचा आहे. ती फक्त जबाबदारीपुरती स्वस्त पडते. तरीही मालकपणाचा खर्च शेतकऱ्याच्या दरातून कापता येणार नाही, तो साखर, इथेनॉल, वीज यांच्या उत्पन्नातून भागवायचा, अशी स्पष्ट अट घालावी लागेल. ती घातली नाही तर या मुद्द्यावर मी शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहीन.

दुसरा आक्षेप उचलीचा. उचल बंद केली तर मजूर पावसाळा काढणार कसा, लग्न-आजारपणाला जाणार कुठे, असे मुकादमच नव्हे तर मजूरही विचारतात. बँक त्यांना दारात उभे करत नाही, हे खरे आहे. म्हणून उचल बंद करा असे मी म्हणत नाही. ती कारखान्याने द्यावी, नवऱ्याच्या आणि बायकोच्या वेगवेगळ्या खात्यांत द्यावी, आणि पट्टा पडला की तिचा हिशेब तिथेच संपावा. राहिलेली बाकी पुढच्या सालात ओढता येऊ नये. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी राबवून घेणे गुन्हा ठरवले आहे, आणि १९८३च्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सक्तीची मजुरी दिसली तर ती उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे. बाकीसाठी माणसाला किंवा त्याच्या मुलाला डांबून ठेवल्याच्या बातम्या येतात तेव्हा हा कायदा आठवतो. तो उचलीच्या कागदावरच छापला तर बरे.

उरला यंत्राचा मुद्दा. तोडणी यंत्रे येताहेत, दहा वर्षांत हा प्रश्नच उरणार नाही, असे साखरेच्या वर्तुळात हमखास ऐकू येते. एका यंत्राला ३५ लाखांपर्यंत सरकारी अनुदान मिळते. लहान तुकडे, लोळलेला ऊस आणि ओली काळी जमीन यांतून ते किती फिरते, हे ज्याने त्याने आपल्या शिवारात पाहावे. यंत्रे आली तर कारखान्याचा प्रश्न सुटेल, धारूरचा नाही; आणि जी पोरे आज फडात आहेत त्यांचे बालपण दहा वर्षे थांबून राहणार नाही.

या सगळ्यासाठी नवे काही शोधून काढायला नको. हमालांना कोणी मालक नाही, आज या गाळ्यावर तर उद्या त्या, असे म्हणून हात झटकणाऱ्या व्यापाऱ्यांना याच राज्याने १९६९च्या माथाडी कायद्याने वाकवले. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून आलेल्या त्या कायद्याने मालकाची आणि कामगाराची दोघांची नोंद मंडळाकडे करायला लावली; मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने ती कामगाराच्या नावाने वाटायची. माथाडीच्या नावावर आज खंडणीखोरी चालते, हे खरे आहे, आणि ऊसतोडीच्या मंडळात मुकादमच कामगार पुढारी बनून बसतील हा धोकाही खरा आहे. तरी त्या कायद्याने मुंबईच्या गोदीतल्या आणि बाजारातल्या हमालाला नाव, ओळखपत्र, फंड आणि घर दिले. ऊसतोड मजुरांच्या संघटनांची तशाच कायद्याची मागणी जुनी आहे. त्यात भर घालायची ती एवढीच: नोंद कोयत्याची नको, माणसाची हवी. बाईचे नाव वेगळे, तिची मजुरी तिच्या खात्यात, तिच्याबरोबर आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव आणि वय त्याच कागदावर, आणि ते मूल हंगामभर कुठे होते याचे उत्तर देण्याची जबाबदारी गाळप परवान्याला जोडलेली. दरवर्षी गाळप सुरू करण्यापूर्वी कारखान्याला साखर आयुक्तांचा परवाना घ्यावाच लागतो. शेतकऱ्यांची एफआरपी थकवली म्हणून परवाना अडवता येतो. मजुरांच्या नोंदी आणि पाळणाघरे नाहीत म्हणून तो का अडवू नये?

बहुतेक कारखान्यांच्या वार्षिक अहवालात तोडणी यंत्रणेचा तपशील असतो. इतके ट्रॅक्टर, इतक्या बैलगाड्या, इतके करार. पुढच्या पानावर दिवसाचे गाळप आणि उतारा दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक दिलेला असतो. सर्वसाधारण सभेत सभासद उताऱ्यावरून संचालकांना घाम फोडतात, दशांशाच्या फरकावरून माइक ओढाओढीपर्यंत जातात. येत्या सभेत एखाद्या सभासदाने उठून विचारावे: अध्यक्षमहाराज, आपल्या कार्यक्षेत्रात या हंगामात किती मुले आली होती?